चालत्या घराची वीज

पुण्याहून कोल्हापूरला येताना पंचगंगेचा पूल लागण्यापूर्वी शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. येथील ओतशाळांत, ज्यांना सगळे फाउंड्रीच म्हणतात, यंत्रांचे आणि वाहनांचे ओतीव भाग तयार होतात. विजेच्या प्रवर्तन भट्टीत एक टन लोखंड वितळवून ओतण्याइतके तापवायचे तर साधारण ६०० युनिट वीज लागते. एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, हे तुम्ही वर्गात शिकलाच आहात. हा ६०० चा आकडा जरा लक्षात ठेवा. कारण आता ज्या घराचा आपण विचार करणार आहोत, त्याचे दिवसाचे काम एका युनिटाच्या आत भागणार आहे. भट्टीतल्या एका टनाच्या विजेवर ते घर दीड वर्षाहून अधिक काळ चालेल!

हे घर चाकांवरचे आहे. माझा एक जुना विद्यार्थी या वसाहतीत यंत्रशाळा चालवतो. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरमधील आसने काढून त्याने आत चौघांची झोपण्याची सोय केली, पाण्याची टाकी बसवली, छोटा ओटा केला. सुटीत दाजीपूरच्या रानात जावे, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर राहावे, हॉटेल शोधत हिंडू नये, असा बेत. सगळे जमले आणि विजेपाशी घोडे अडले. दुकानदार म्हणे तीन बॅटऱ्या घ्या, शेजारी म्हणे पेट्रोलचे जनित्र घ्या, मेहुणा म्हणे छतभर सौर पॅनेल लावा. शेवटी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, किती मोठी बॅटरी घालू?" मी म्हटले, "आधी वही काढ."

असे घर आपल्याकडे अगदीच नवे आहे, असे नाही. घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे फिरणारे धनगर आपण पाहतो. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड मजूर कोल्हापूरच्या साखर कारखान्यांकडे येतात आणि चार-पाच महिने शेताकडेला कोपी घालून राहतात. त्यांच्या लेखी ही सहल नव्हे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, तेव्हापासून हौशी लोकांमध्येही चाकांवरच्या घराची चर्चा वाढली. हौशीचे घर असो की गरजेचे, विजेचे गणित मात्र एकच आहे.

वहीतले पहिले पान

पुष्कळ जण शक्ती आणि ऊर्जा यांत गल्लत करतात. शक्ती वॉटमध्ये मोजतात. एखादे उपकरण ऊर्जा किती वेगाने खाते, ते ती सांगते. ऊर्जा मोजायची तर त्या वॉटना तासांनी गुणावे लागते. नळाची धार आणि बादलीतले पाणी यांत जो फरक, तोच येथे. बॅटरी ही बादली आहे, म्हणून तिच्यासाठी वॉट-तासच मोजले पाहिजेत.

आम्ही वहीत एकेक ओळ लिहीत गेलो. पाच वॉटचे तीन एलईडी दिवे, रोज पाच तास: ७५ वॉट-तास. बारा व्होल्टवर चालणारे १५ वॉटचे दोन पंखे, रात्रीचे आठ तास: २४०. चार मोबाइल, प्रत्येकी १५ धरले तर ६०. पाण्याचा छोटा पंप ४० वॉटचा, पण तो दिवसातून पंधरा मिनिटेच चालतो, म्हणजे अवघे १०. राहिले शीतकपाट. बारा व्होल्टचे छोटे शीतकपाट चालू असताना ४५ वॉट घेते, पण ते सतत चालत नाही. आतला थंडावा पुरेसा झाला की थांबते. सरासरी तिसरा हिस्सा वेळ धरली तर दिवसाचे ३६० वॉट-तास होतात. एकूण ७४५. तारांत, नियंत्रकात आणि बॅटरीत होणारी गळती धरून आम्ही ९०० लिहिले. युनिटाला थोडे कमीच.

या यादीत निम्मा वाटा एकट्या शीतकपाटाचा आहे, हे पाहून माझा विद्यार्थी चकित झाला. त्याला वाटत होते दिवेच जास्त खात असतील. एके काळी ते खरेही होते. साठ वॉटचा तारेचा दिवा पाच तास लावला तर एकटाच ३०० वॉट-तास घेई.

उष्णतेचा हिशेब निराळा

मग त्याने वहीत आणखी तीन ओळी घातल्या: विजेची शेगडी, आंघोळीच्या पाण्याचा हीटर आणि वातानुकूलन यंत्र. येथे सारे गणित कोलमडते. का, ते पाहू.

एका माणसाला पंधरा लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून हवे आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता दर किलोग्रॅमला ४.१९ किलोज्यूल. तेव्हा १५ × ४.१९ × २० म्हणजे सुमारे १२६० किलोज्यूल. एक वॉट-तास म्हणजे ३.६ किलोज्यूल, म्हणून भागाकार केला की ३५० वॉट-तास येतात. चौघांच्या आंघोळीला १४००! दिवे, पंखे, मोबाइल, शीतकपाट या सर्वांच्या दीडपटीहून जास्त. एक टनाचे वातानुकूलन यंत्र रात्रभर चालवले तर पाच-सहा युनिट सहज जातात.

आता हीच उष्णता गॅसपासून घेऊ. एक किलो स्वयंपाकाच्या गॅसमध्ये सुमारे १२.७ किलोवॉट-तास ऊर्जा असते. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये ६३ झाली. शेगडीत निम्मी वाया गेली तरी तीस युनिट हाती लागतात. तीस युनिट साठवायला घरगुती इन्व्हर्टरच्या शिसे-आम्ल बॅटऱ्या किती लागतील, ते पुढचा भाग वाचून तुम्हीच काढा, आणि त्यांचे वजनही काढा. म्हणून चाकांवरच्या घरात तापवण्याचे काम गॅसला आणि उजेड, वारा, गारवा यांचे काम विजेला, ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. वातानुकूलनाचा हट्ट असेल तर जेथे वीजजोडणी मिळते अशाच तळावर मुक्काम करावा.

गॅसबाबत एक सावधगिरी. हा वायू हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता तळाशी साचतो. तेव्हा गाडीच्या जमिनीलगत झरोका हवाच, आणि शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी हवी.

शिसे की लिथियम?

शिसे-आम्ल संचायक फ्रान्सच्या गॅस्टन प्लांटे याने १८५९ साली तयार केला. दीडशेहून अधिक वर्षे झाली तरी तो आपल्या घरोघरच्या इन्व्हर्टरखाली बसलेला आहे. त्याची १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर १२ × १५० म्हणजे १८०० वॉट-तास. वाटते की दोन दिवस भागले. पण ही बॅटरी वारंवार पुरती रिकामी केली तर तिच्या पट्ट्यांवर शिसे सल्फेटाचे कठीण स्फटिक धरतात आणि तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून निम्मीच वापरावी. उरले ९०० वॉट-तास, म्हणजे आपला एकच दिवस. वजन मात्र पन्नास-साठ किलो.

शिवाय भारण होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. घरात ती गॅलरीत ठेवता येते, पण जेथे आपण झोपतो त्याच बंद डब्यात ती ठेवणे बरे नव्हे. घाटातल्या वळणांवर आम्ल हिंदकळण्याची भीती वेगळीच.

दुसरा पर्याय लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीचा. हे संयुग बॅटरीत वापरता येईल असे अमेरिकेत टेक्सस विद्यापीठात अक्षय पाधी, जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले. याच गुडइनफ यांना पुढे २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दोघांसह विभागून मिळाले. या बॅटरीचे मोबाइलमधल्या लिथियम बॅटरीशी नाते आहे, पण हिच्यातील ऑक्सिजन फॉस्फेटात घट्ट बांधलेला असतो. त्यामुळे ती तापली तरी सहसा भडकत नाही. १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-तास म्हणजे १२८० वॉट-तास. त्यातले ८० टक्के निर्धास्तपणे वापरता येतात, म्हणजे हजाराच्या वर. वजन बारा किलोच्या आसपास. किंमत अर्थातच जास्त. पण ती हजारो वेळा भरता-रिकामी करता येते. पाच वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा विद्यार्थ्याने हिच्याच बाजूने कौल दिला. वर्षातून दोनदाच गाडी बाहेर काढणाऱ्याला कदाचित शिसेच परवडेल, पण मग झोपण्याच्या जागेपासून बॅटरी पूर्ण वेगळी करून तिला बाहेरची हवा दिली पाहिजे.

कोल्हापूरचे ऊन

बादली ठरली. आता ती भरायची कशी? १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर विद्युत्घट तयार झाला, तेव्हा पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे सहा टक्केच ऊर्जा विजेत उतरे. आज बाजारातली पॅनेले वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत, म्हणजे एक चौरस मीटरमागे २०० वॉटच्या वर.

पॅनेलावर लिहिलेले वॉट भर उन्हातले असतात आणि भर ऊन दिवसभर नसते. म्हणून दिवसभराच्या उन्हाचे भर उन्हाच्या तासांत रूपांतर करतात. आडव्या छतावर कोल्हापुरात उन्हाळ्यात हे साधारण सहा-साडेसहा तास, हिवाळ्यात पाचच्या आसपास आणि पावसाळ्यात तीन-चार तास भरते. झडीच्या दिवशी एक तासही पदरात पडला तरी पुष्कळ. कोल्हापूरचा अक्षांश सुमारे १६.७ अंश उत्तर. त्यामुळे ६ मे आणि ६ ऑगस्टच्या सुमारास सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा आडवे पॅनेल उत्तमच. डिसेंबरात मात्र माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा ५० अंश वर असतो आणि आडव्या पॅनेलाला त्याच्या थेट किरणांचा साइन ५०°, म्हणजे सुमारे ७७ टक्केच भाग मिळतो. मुक्काम लांबणार असेल तर पॅनेल दक्षिणेकडे कलते करण्याची सोय फायद्याची ठरते.

धूळ, तार, नियंत्रक आणि उष्णता यांपायी आणखी तीस टक्के वजा करा. उष्णतेने सौर पॅनेलाची वीज कमी होते, हे ऐकून विद्यार्थी नेहमी बुचकळ्यात पडतात. पॅनेलाला प्रकाश हवा असतो, ताप नव्हे. २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याची शक्ती सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या छतावरचे पॅनेल ६० अंशांवर गेले की बारा टक्के गेलेच. म्हणून पॅनेल पत्र्याला चिकटवू नये, खालून वारा खेळेल एवढी फट ठेवावी.

आता ३०० वॉटचे पॅनेल घेतले तर हिवाळ्यात ३०० × ५ × ०.७ म्हणजे १०५० वॉट-तास. आपल्याला हवेत ९००. जमले. दीड चौरस मीटर जागा पुरते, छतावर तेवढी सहज मिळते. पावसाळ्यात तीन तास धरले तर मात्र ६३०. तूट २७० ची.

आणखी एक पेच आहे, आणि तो पुस्तकात सापडत नाही. मुक्कामाला पोचल्यावर माणूस आंब्याची सावली शोधतो. पॅनेलाला मात्र ऊन हवे. पॅनेलातील घट एकसरीत जोडलेले असतात. एका घटावर सावली पडली तर सगळ्या साखळीचा प्रवाह रोडावतो. असा घट वगळून प्रवाहाला वाट देणारे डायोड बसवलेले असतात, तरी पॅनेलाचा मोठा तुकडा निकामी होतोच. यासाठी मी त्याला सुचवले की पॅनेलांपैकी एक छतावरून काढता येईल असे ठेव आणि दहा मीटर तार घे. गाडी सावलीत, पॅनेल उन्हात.

तूट भरून काढायला इंजिन आहेच. इंजिनाच्या प्रत्यावर्तकापासून वेगळ्या भारण-यंत्राने वीस अँपिअर घेतले तर तासाला सुमारे २४० वॉट-तास बॅटरीत जातात. आंबा घाटाने रत्नागिरीचा रस्ता सुमारे १३० किलोमीटरचा. तीन तास धरले तर ७२० वॉट-तास वाटेतच जमा झाले. रोज गाव बदलणाऱ्याला पॅनेलाची फारशी गरजच नाही, एका जागी चार दिवस राहणाऱ्याला त्यावाचून गत्यंतर नाही. गाडी कशी वापरणार, हा प्रश्न म्हणूनच बॅटरीच्या आधी विचारायला हवा. पेट्रोलच्या जनित्राबद्दल मी फार लिहीत नाही. दाजीपूरच्या रानात गव्यांच्या शेजारी ते धडधडत ठेवणे मला मानवत नाही. ज्यांना ते ठेवायचेच असेल त्यांनी ते गाडीत किंवा खिडकीखाली कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही.

तारेतली गळती

बारा व्होल्टच्या पद्धतीत दाब कमी, म्हणून त्याच शक्तीला प्रवाह जास्त. आणि तारेतली हानी प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बॅटरीपासून पाच मीटर अंतरावर जाऊन परत आली तर दहा मीटर लांबीचा रोध सुमारे ०.०७ ओहम होतो. शीतकपाटाच्या चार अँपिअरला तेथे ०.२८ व्होल्ट जातात, काही बिघडत नाही. वीस अँपिअर सोडले की १.४ व्होल्ट जातात आणि २८ वॉट तार तापवण्यात खर्च होतात. म्हणून जास्त प्रवाहाला जाड आणि आखूड तार लागते, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावायचा. तो उपकरणाजवळ लावला तर मधली तार कोठे घासून उघडी पडली तरी फ्यूजला पत्ताच लागत नाही.

इन्व्हर्टर दिवसरात्र चालू ठेवण्याची सवयही महागात पडते. काही काम न करताना तो स्वतःच दहा-बारा वॉट घेत असतो. बारा वॉट म्हणजे चोवीस तासांत २८८ वॉट-तास, दोन्ही पंख्यांपेक्षा जास्त! २३० व्होल्टचे उपकरण चालवायचे तेवढ्यापुरताच तो लावावा.

पुराच्या दिवसांत

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी महामार्गावर आले आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. मालमोटारींच्या लांबच लांब रांगा लागल्या. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झाले. अशा वेळी वीज नाही, ऊन नाही, आणि मोबाइल तर जिवंत हवा, कारण घरच्यांना कळवायचे आहे आणि पाण्याची बातमी ऐकायची आहे.

अशा रांगेत आपले चाकांवरचे घर अडकले असते तर? डिझेल राखायचे म्हणून इंजिन बंद ठेवले, शीतकपाट आणि पंखे बंद केले. उरले दिवे ७५ आणि मोबाइल ६०, मिळून १३५ वॉट-तास. भरलेल्या लिथियम बॅटरीतले हजार वॉट-तास या गरजेला सात दिवस पुरतात. पण खरी मौज पुढेच आहे. दाट ढगांतूनही पसरलेला प्रकाश येतच असतो. भर उन्हाचा एकच तास धरला तरी ३०० × १ × ०.७ म्हणजे २१० वॉट-तास मिळतात. गरज १३५ ची! म्हणजे रोजच्या दिव्यांना आणि मोबाइलला बॅटरीतला साठा मोडावाच लागत नाही, शेजारच्या दोन-चार मोटारचालकांचे मोबाइलही भरता येतात. पॅनेल तेच, बॅटरी तीच, फक्त वहीतल्या दोन ओळी खोडल्या.

याच पद्धतीने आता ऊसतोड मजुराच्या कोपीचा हिशेब करा. तीन वॉटचा एक दिवा पाच तास, म्हणजे १५. दोन मोबाइल ३०. एकूण ४५ वॉट-तास. गळिताचा हंगाम कोरड्या ऋतूत असतो, भर उन्हाचे पाच तास मिळतात. ४५ ला ३.५ ने भागले की १३ येतात, तेव्हा २० वॉटचे पॅनेल भरपूर झाले. १२.८ व्होल्ट, ६ अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ७७ वॉट-तासांची, तिचे ८० टक्के ६१. पाटाएवढे पॅनेल आणि डब्याएवढी बॅटरी बैलगाडीत कोठेही मावते, आणि चूल विझल्यावरही कोपीतल्या मुलीला वही दिसते. शाळांतल्या विज्ञान मंडळांनी असे संच बनवून पाहावेत. यातला एकही भाग दुर्मीळ नाही.

एक प्रयोग

१० वॉटचे छोटे पॅनेल आणि बहुमापक शाळेच्या प्रयोगशाळेत सहज मिळवता येतील. बहुमापक दहा अँपिअरच्या पट्टीवर लावून पॅनेलाची दोन टोके त्याला जोडा. एवढ्या छोट्या पॅनेलाला यात धोका नाही. बॅटरीची टोके मात्र अशी कधीही जोडू नका. कोल्हापुरात सूर्य साडेबाराच्या सुमारास माध्यान्ही येतो. त्या वेळी पॅनेल आडवे ठेवून प्रवाह मोजा. मग दक्षिणेकडे दहा-दहा अंशांनी कलते करत मोजत जा आणि आलेख काढा. सर्वांत जास्त प्रवाह कोणत्या कोनाला मिळाला, त्यावरून त्या दिवशी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता ते काढता येईल. शेवटी पिंपळाचे एक पान घेऊन फक्त एक घट झाका आणि काटा कोठे येतो ते पाहा. तेच पान मग दोन घटांच्या सांध्यावर ठेवा, आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.